बेचाळीस क्रमांकाचा सदरा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी १५ एप्रिल या दिवशी बेसबॉलच्या मैदानांवर एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. एरव्ही संघातील प्रत्येक खेळाडूच्या सदऱ्यावर त्याचा स्वतःचा असा निराळा क्रमांक असतो आणि दूर बसलेला प्रेक्षक त्या क्रमांकावरून खेळाडू ओळखतो. त्या दिवशी मात्र चेंडू फेकणारा, फटका मारणारा, मैदानाच्या टोकाला उभा असलेला क्षेत्ररक्षक, फार काय, संघाचा शिक्षक आणि व्यवस्थापक, या सर्वांच्या पाठीवर एकच क्रमांक झळकत असतो. तो क्रमांक म्हणजे ४२. वर्षाच्या इतर दिवशी शोधूनही हा क्रमांक कोणाच्या पाठीवर सापडत नाही. जो क्रमांक एरव्ही कोणीच वापरावयाचा नाही, तो एका दिवशी सर्वांनी का वापरावा? या प्रश्नाचे उत्तर १५ एप्रिल याच तारखेला निरनिराळ्या वर्षी घडलेल्या घटनांत दडलेले आहे.

ती हकीकत समजण्यासाठी प्रथम या खेळाची थोडी ओळख असणे आवश्यक आहे. क्रिकेट जाणणाऱ्यास बेसबॉल समजणे कठीण नाही. दोन्ही संघांत नऊ नऊ खेळाडू असतात. मैदानाच्या एका बाजूस जमिनीवर एक चौकोन कल्पिलेला असून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना बेस असे म्हणतात. एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर ९० फूट असते. फलंदाज एका गोल दांड्याने चेंडू टोलावतो आणि पहिल्या बेसकडे धाव घेतो. तेथून दुसरा, तिसरा असे बेस ओलांडून तो मूळ ठिकाणी सुखरूप परतला म्हणजे संघाची एक धाव होते. तीन खेळाडू बाद झाले की डाव संपतो आणि प्रत्येक संघाला असे नऊ डाव खेळावयास मिळतात. प्रतिपक्षाचा खेळाडू चेंडू फेकण्याच्या तयारीत असताना एखादा चपळ धावपटू त्याची नजर चुकवून पुढचा बेस गाठतो. यास बेस चोरणे असे म्हणतात. या चोरीला शिक्षा नाही, उलट शाबासकी आहे. मात्र ती करण्यास धैर्य, वेग आणि क्षणाचे भान ही तिन्ही लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ व्यवसाय म्हणून खेळला जाऊ लागला. १८७६ मध्ये नॅशनल लीग ही संघटना स्थापन झाली आणि १९०१ मध्ये अमेरिकन लीग तिच्या बरोबरीस आली. या दोन संघटनांतील संघांत स्थान मिळणे ही बेसबॉल खेळणाऱ्या प्रत्येक मुलाची महत्त्वाकांक्षा असे. परंतु ती बाळगण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. अमेरिकेत गुलामगिरीची प्रथा १८६५ मध्ये कायद्याने नष्ट झाली होती, तरी ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले होते त्या कृष्णवर्णीय लोकांना समाजात समानतेची वागणूक मिळत नव्हती. दक्षिणेकडील राज्यांत त्यांच्यासाठी शाळा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी, आगगाडीचे डबे वेगळे आणि पाणी पिण्याच्या तोट्यादेखील वेगळ्या असत.

बेसबॉलचे मैदानही या भेदापासून मुक्त नव्हते. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडो शहराच्या संघातून वरिष्ठ दर्जाचे सामने खेळला होता. परंतु त्यानंतर लवकरच संघांच्या मालकांनी आपसांत असे ठरवून टाकले की, कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घ्यावयाचे नाही. हा नियम कोठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला नियम खोडता येतो, त्यावर वाद घालता येतो. पण जो नियम लिहिलेलाच नाही, त्याविरुद्ध दाद मागावयाची तरी कोणाकडे? त्यामुळे ही अदृश्य भिंत साठ वर्षांहून अधिक काळ जशीच्या तशी उभी राहिली.

भिंतीच्या पलीकडे मात्र खेळ थांबला नव्हता. रुब फॉस्टर या कर्तबगार गृहस्थाने १९२० मध्ये कृष्णवर्णीयांच्या संघांची एक स्वतंत्र संघटना स्थापन केली. तिला व तिच्यासारख्या इतर संघटनांना त्या काळी निग्रो लीग असे नाव होते. सॅचेल पेज याच्यासारखा चेंडूफेक्या आणि जोश गिब्सन याच्यासारखा फलंदाज या संघटनांतच घडले. हे खेळाडू मोटारीतून शेकडो मैल प्रवास करीत आणि वाटेत खाणावळीत प्रवेश न मिळाल्यास मोटारीतच जेवत. गुणांनी ते कोणाहून कमी नव्हते. परंतु वरिष्ठ संघटनांची दारे त्यांना बंद होती. जोश गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये अवघ्या ३५ व्या वर्षी मरण पावला. ती दारे त्यानंतर तीनच महिन्यांनी उघडावयाची होती.

ती उघडणाऱ्या खेळाडूचे नाव जॅकी रॉबिन्सन. त्याचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील केरो या गावी झाला. त्याचे आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत असत. जॅकी तान्हा असतानाच वडील कुटुंबास सोडून गेले. आई मॅली ही मोठी धीराची स्त्री होती. आपल्या पाच मुलांना घेऊन ती दूर कॅलिफोर्नियातील पॅसाडीना या शहरी गेली आणि लोकांच्या घरी धुणेपाणी व स्वयंपाक करून तिने मुलांना वाढविले. जॅकीचा थोरला भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्याच्या शर्यतीत जेसी ओवेन्सच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवून रौप्यपदक पटकाविले. परंतु गावी परतल्यावर या वीराच्या वाट्याला रस्ते झाडण्याचे काम आले. धाकट्या भावाने हे सारे डोळ्यांनी पाहिले होते.

जॅकी स्वतः लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकला आणि तेथे बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल आणि मैदानी शर्यती अशा चार खेळांत त्याने विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात अधिकारी झाला. जुलै १९४४ मध्ये टेक्सास राज्यातील एका लष्करी तळावर बसच्या चालकाने त्याला मागच्या बाजूस जाऊन बसण्यास फर्माविले. लष्कराच्या बसमध्ये असा भेदभाव करण्यास बंदी आहे हे रॉबिन्सनला ठाऊक होते. त्याने जागा सोडली नाही. त्याबद्दल त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरण्यात आला. परंतु न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. अन्याय मुकाट्याने सोसणे हे त्याच्या स्वभावातच नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागाच्या डॉजर्स या संघाचा कारभार ब्रँच रिकी नावाचे एक अनुभवी गृहस्थ पाहत होते. तरुणपणी ते एका महाविद्यालयाच्या संघाचे शिक्षक होते. संघ परगावी गेला असता तेथील हॉटेलने चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास खोली देण्याचे नाकारले. रिकी यांनी त्याला आपल्याच खोलीत नेले. तेथे तो तरुण रडू लागला आणि कातडीचा रंगच निघून जावा अशा आवेशाने आपले हात चोळू लागला. हा प्रसंग रिकी पुढे अनेकदा सांगत असत. संघ बलवान व्हावा, मैदानावर प्रेक्षकांची गर्दी व्हावी, हा व्यवहारही त्यांच्या मनात होताच. परंतु तो तरुण त्यांच्या डोळ्यांपुढून कधी हलला नाही.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी रिकी यांनी रॉबिन्सनला आपल्या कचेरीत बोलावून घेतले. त्या वेळी तो कृष्णवर्णीयांच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघातून खेळत होता. भेट सुमारे तीन तास चालली. रिकी यांनी त्याच्या खेळाविषयी फारसे विचारले नाही. त्यांनी निराळीच परीक्षा घेतली. कधी उद्धट हॉटेलवाला, कधी शिवीगाळ करणारा प्रेक्षक, तर कधी धक्का देणारा प्रतिस्पर्धी अशी सोंगे घेऊन ते रॉबिन्सनच्या तोंडावर अपमानाचे शब्द फेकू लागले. शेवटी रॉबिन्सनने विचारले की, उलट प्रहार करण्यास भिणारा खेळाडू आपणांस हवा आहे काय? रिकी उत्तरले की, उलट प्रहार न करण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे असा खेळाडू हवा आहे. मैदानावर एकदा जरी मारामारी झाली असती, तरी विरोधकांना हवे ते निमित्त मिळाले असते आणि दार पुन्हा कित्येक वर्षे बंद झाले असते. रॉबिन्सनने आपल्या मनाला मुरड घातली आणि वचन दिले.

पुढील वर्षी तो डॉजर्सच्या मॉन्ट्रियल येथील दुय्यम संघातून खेळला. १८ एप्रिल १९४६ रोजी पहिल्याच सामन्यात त्याने चार यशस्वी फटके मारले आणि त्याचा संघ १४ विरुद्ध १ धावांनी जिंकला. त्या हंगामात फलंदाजीची सर्वोच्च सरासरी त्याचीच होती. त्यामुळे खेळात तो कमी पडेल असे म्हणण्याची सोय कोणाला राहिली नाही. तथापि १९४७ च्या वसंतात डॉजर्सच्याच काही खेळाडूंनी त्याला संघात घेऊ नये म्हणून अर्ज लिहिण्याचा घाट घातला. संघातील पी वी रीस हा केंटकी या दक्षिणेकडील राज्याचा रहिवासी होता. त्याने त्या अर्जावर सही करण्यास साफ नकार दिला. अर्ज बारगळला आणि १० एप्रिल रोजी रॉबिन्सन डॉजर्सचा खेळाडू झाल्याचे जाहीर करण्यात आले.

१५ एप्रिल १९४७ हा दिवस मंगळवार होता. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड या मैदानावर डॉजर्सचा सामना बॉस्टन ब्रेव्हज या संघाशी होता. २५,००० हून अधिक प्रेक्षक जमले होते आणि त्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते असा अंदाज आहे. आपल्यापैकी एक जण आज त्या मैदानावर उभा राहणार, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी ते आले होते. २८ वर्षांचा रॉबिन्सन पाठीवर ४२ हा क्रमांक घेऊन पहिल्या बेसच्या रक्षणास उभा राहिला.

एखाद्या कथेत त्याने पहिल्याच चेंडूवर प्रचंड फटका मारून सामना जिंकून दिला असता. प्रत्यक्षात तसे काही झाले नाही. पहिल्या डावात त्याने मारलेला चेंडू तिसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षकाने अडविला आणि तो बाद झाला. पुढील दोन वेळाही त्याला यश आले नाही. सातव्या डावात ब्रेव्हज ३ विरुद्ध २ असे पुढे होते. डॉजर्सचा एडी स्टँकी पहिल्या बेसवर होता. रॉबिन्सनने चेंडू जोराने न मारता दांड्याने अलगद खाली ठेवला आणि तो वाऱ्यासारखा धावत सुटला. त्याच्या वेगाने क्षेत्ररक्षक गोंधळला. त्याने फेकलेला चेंडू रॉबिन्सनच्या खांद्याला लागून दूर गेला. तेवढ्यात दोन्ही धावपटू आणखी एकेक बेस पुढे सरकले. लगेच पीट रायझर याने जोरदार फटका मारला आणि स्टँकीपाठोपाठ रॉबिन्सनही घरी पोहोचला. त्याच्या त्या धावेने डॉजर्सने आघाडी घेतली आणि अखेर सामना ५ विरुद्ध ३ असा जिंकला.

सामन्याच्या तक्त्यात रॉबिन्सनच्या नावापुढे त्या दिवशी यशस्वी फटक्यांच्या रकान्यात शून्य आहे. आकड्यांनीच दिवसाची थोरवी मोजावयाची तर तो दिवस विसरण्याजोगा ठरला असता. परंतु साठ वर्षांहून अधिक काळ जे कोणाला करू दिले नव्हते, ते त्या दिवशी एका माणसाने केले. तो मैदानावर आला, इतरांप्रमाणे खेळला आणि इतरांप्रमाणेच बादही झाला.

खरी कसोटी पुढेच होती. एका आठवड्यानंतर फिलाडेल्फियाचा संघ ब्रुकलिनला आला. त्याचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे काही खेळाडू यांनी रॉबिन्सनवर अर्वाच्य शिव्यांचा असा वर्षाव केला की, आपला संयम सुटण्याच्या अगदी सीमेवर आपण त्या दिवशी पोहोचलो होतो, असे रॉबिन्सनने पुढे आत्मचरित्रात नमूद केले. तरीही तो गप्प राहिला. तेव्हा एडी स्टँकीला राहवले नाही. जो उलट बोलू शकतो अशा कोणाशी तरी भांडा, असे तो त्या लोकांवर ओरडला. हाच स्टँकी प्रारंभी रॉबिन्सनच्या येण्यावर नाराज होता. रॉबिन्सनच्या मौनाने जे साधले ते शेकडो भाषणांनी साधले नसते. संघातील सोबती एकेक करून त्याच्या बाजूस येऊ लागले.

त्या हंगामात त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली. परगावी काही हॉटेलांनी त्याला जागा नाकारली. चेंडूफेके मुद्दाम त्याच्या अंगावर चेंडू फेकीत. या साऱ्याला त्याने खेळानेच उत्तर दिले. त्याने २९ बेस चोरले आणि याबाबतीत नॅशनल लीगमध्ये तो पहिला आला. डॉजर्सने लीगचे अजिंक्यपद मिळविले आणि नव्या खेळाडूंतील सर्वोत्तमास त्या वर्षी प्रथमच देण्यात आलेला पुरस्कार रॉबिन्सनला मिळाला. जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबी हा अमेरिकन लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. १९४८ मध्ये सॅचेल पेजला वरिष्ठ संघात स्थान मिळाले. तेव्हा त्याचे वय ४२ होते. इतर खेळाडू ज्या वयात निवृत्त झालेले असतात, त्या वयात या महान खेळाडूला प्रवेश मिळाला, यात आनंद जितका आहे तितकीच खंतही आहे.

पुढे रॉबिन्सन वचनातून मोकळा झाला आणि अन्यायाविरुद्ध उघडपणे बोलू लागला. १९४९ मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. धमक्या तरीही थांबल्या नव्हत्या. १९५१ मध्ये सिनसिनाटी येथे सामन्यापूर्वी, रॉबिन्सन मैदानात उतरल्यास त्याला गोळी घालू, अशी पत्रे आली. खोलीत चिंतेचे वातावरण पसरले. तेव्हा जीन हर्मान्स्की या गोऱ्या सोबत्याने थट्टेने सुचविले की, आज सर्वांनीच ४२ क्रमांक घालावा, म्हणजे गोळी कोणावर झाडावी हे त्या माणसाला कळणारच नाही. सारे हसले आणि मनावरचा ताण हलका झाला. त्या थट्टेत एक स्नेहाचा धागा होता, आणि तो पुढे फार लांबवर जाणार होता.

१९५५ मध्ये डॉजर्सने जागतिक मालिका जिंकली आणि १९५६ च्या हंगामानंतर रॉबिन्सनने खेळ सोडला. त्यानंतर लवकरच ब्रुकलिनचा डॉजर्स आणि न्यूयॉर्कचा जायंट्स हे दोन्ही जुने प्रतिस्पर्धी संघ हजारो मैल दूर पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर जाऊन वसले. विमानप्रवासामुळे हे शक्य झाले होते. १५ एप्रिल १९५८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे वरिष्ठ लीगचा पश्चिम किनाऱ्यावरील पहिला सामना याच दोन संघांत झाला आणि जायंट्सने तो ८ विरुद्ध ० असा जिंकला. जायंट्सच्या बाजूने विली मेज हा कृष्णवर्णीय खेळाडू मैदान गाजवीत होता आणि पोर्टोरिकोच्या ओर्लांडो सेपेडा याने आपल्या पहिल्याच सामन्यात चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकाविला. बरोबर अकरा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी एवढे धैर्य लागले होते, तिचे आता नवल राहिले नव्हते. तरी सर्वच संघ बदलले होते असे नाही. वरिष्ठ संघटनांतील शेवटच्या संघाने आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरविला तो १९५९ मध्ये. एका माणसाने दार उघडले, तरी शेवटच्या घरापर्यंत पोहोचण्यास बारा वर्षे लागली.

१५ एप्रिल १९७२ या दिवसाची गोष्ट निराळी आहे. खेळाडूंनी निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर संप पुकारला होता आणि ८६ सामने रद्द झाले होते. तडजोड झाल्यावर हंगाम १५ एप्रिलला सुरू झाला. मालक म्हणतील ते मुकाट्याने मान्य करण्याचे दिवस खेळाडूंसाठीही संपत चालले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात जागतिक मालिकेच्या प्रसंगी रॉबिन्सनचा सत्कार झाला. मधुमेहाने त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. तरी सत्काराला उत्तर देताना त्याने नुसते आभार मानले नाहीत. एखाद्या संघाचा व्यवस्थापक म्हणून कृष्णवर्णीय माणूस दिसेल तेव्हा आपणांस अधिक आनंद होईल, असे तो म्हणाला. त्यानंतर नऊच दिवसांनी, २४ ऑक्टोबर १९७२ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याची ती इच्छा १९७५ मध्ये पूर्ण झाली. त्या वर्षी क्लीव्हलँडच्या संघाचा व्यवस्थापक झालेल्या कृष्णवर्णीय खेळाडूचे आडनाव योगायोगाने रॉबिन्सनच होते. त्याचे नाव फ्रँक रॉबिन्सन.

१५ एप्रिल १९९७ रोजी त्या पहिल्या सामन्यास पन्नास वर्षे पूर्ण झाली. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर डॉजर्सचा सामना पाचव्या डावानंतर थांबविण्यात आला. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि श्रीमती रेचेल रॉबिन्सन मैदानावर आल्या प्रेक्षकांसमोर उभे होते. त्या वेळी बेसबॉलचे प्रमुख बड सेलिग यांनी घोषणा केली की, यापुढे कोणत्याही संघातील कोणत्याही नव्या खेळाडूस ४२ हा क्रमांक दिला जाणार नाही. जे खेळाडू आधीपासून तो क्रमांक वापरीत होते त्यांना तो ठेवण्याची मुभा मिळाली. त्यांतील शेवटचा, पनामाचा मारियानो रिव्हेरा, २०१३ मध्ये निवृत्त झाला. २००४ पासून १५ एप्रिल हा दिवस दरवर्षी जॅकी रॉबिन्सन दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

परंतु क्रमांक निवृत्त करणे म्हणजे तो नजरेआड करणेही होय. २००७ मध्ये केन ग्रिफी या विख्यात खेळाडूने विनंती केली की, निदान त्या एका दिवशी आपणास ४२ क्रमांकाचा सदरा घालू द्यावा. परवानगी मिळताच इतर अनेक खेळाडूंनी तीच इच्छा प्रकट केली आणि त्या वर्षी दोनशेहून अधिक जणांनी तो सदरा घातला. २००९ पासून तर सर्वच खेळाडू तो घालू लागले. १९५१ मध्ये एका भयभीत खोलीत जी गोष्ट थट्टेने सुचविली गेली होती, ती अशा रीतीने खरी झाली. २०२० मध्ये साथीच्या रोगामुळे एप्रिलमध्ये मैदाने ओस पडली होती. तेव्हा हा दिन २८ ऑगस्ट रोजी पाळण्यात आला. रिकी आणि रॉबिन्सन यांची १९४५ मधील भेट याच तारखेला झाली होती.

ज्यांना दार उघडण्यापूर्वीच जग सोडावे लागले, त्यांचाही विचार पुढे झाला. निग्रो लीगचे खेळाडू इतरांच्या बरोबरीचेच होते, असे डिसेंबर २०२० मध्ये अधिकृतपणे मान्य करण्यात आले. २०२४ मध्ये त्यांचे विक्रम मुख्य नोंदवहीत समाविष्ट झाले, तेव्हा संपूर्ण कारकिर्दीच्या फलंदाजीच्या सरासरीत सर्वांत वरचे नाव जोश गिब्सनचे आले. त्याच्या मृत्यूला तेव्हा ७७ वर्षे होऊन गेली होती. उशिरा का होईना, नोंदवही दुरुस्त झाली. परंतु जे सामने त्याला खेळू दिले नाहीत, ते काही परत आले नाहीत.

दिनदर्शिकेत १५ एप्रिलचा दिवस इतर दिवसांसारखाच असतो. त्याला मोठेपण दिले ते एका माणसाच्या संयमाने आणि त्याच्या बाजूस येऊन उभ्या राहिलेल्या सोबत्यांनी. १९४७ मध्ये त्या दिवशी मैदानावर ४२ क्रमांकाचा माणूस एकटा होता आणि सर्वांच्या नजरा त्याच्यावर खिळल्या होत्या. आज त्याच दिवशी मैदानावर गोरे, काळे, जपानचे, क्यूबाचे, डोमिनिकन प्रजासत्ताकाचे असे नाना देशांचे खेळाडू उतरतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर ४२ असतो. क्रमांक पाहून त्या दिवशी कोण कोणता हे ओळखता येत नाही. ज्याला केवळ खेळ पाहावयाचा आहे, त्याला ते ओळखण्याची गरजही भासत नाही.